खड्या मिठाचा आजा

आमच्या मोरीतून रोज संध्याकाळी वेगळ्या रंगाचं पाणी बाहेर पडायचं. कोलशेतच्या रस्त्याला तेव्हा रंगाची पूड बनवणारा एक कारखाना होता आणि माझा थोरला भाऊ हिरा तिथे पिंपं भरायच्या खात्यात होता. भोंगा झाला की थोड्याच वेळात त्याची सायकल खडखडत यायची, तो कुणाशी न बोलता सरळ मोरीत शिरायचा आणि आम्ही पोरं मागच्या बाजूला मोरीच्या तोंडाशी चिंचोके मांडून बसायचो. आज जांभळा की हिरवा? मी बहुतेक वेळा जिंकायची, कारण हिराच्या कानामागे घामाने कुठला रंग फुटलाय ते मी आधीच दारात बघून घेतलेलं असायचं. त्या पाण्यात शेजारच्या सखूकाकूची बदकं डुंबायची आणि गुलाबी होऊन घरी जायची. मग काकू कमरेवर हात ठेवून कुंपणाशी उभी. "तुमच्या हिऱ्यान माजी बदका रंगवली गो! आता बाजारात कोन घेल त्यांना?" आई आतूनच ओरडायची, "रंगीत हायेत म्हनून जास्ती भाव सांग!"

हिरा शिंकला तर रुमाल निळा व्हायचा. त्याची उशी वेगळी, बादली वेगळी, कपडे वाळवायची दोरी वेगळी. तरीही एखादा कण कुठून तरी सुटायचाच. आई तांदळाची उकड मळायला बसली आणि तिच्या बांगडीला असा एक कण चिकटलेला असला की भाकरीतून निळी शीर फिरायची. बाबा ती भाकरी उजेडाकडे धरून बघायचे, सुकटीच्या कालवणात बुडवायचे आणि खाऊन टाकायचे. मीठवाल्याच्या घरात अन्न टाकायची पद्धत नव्हती. आमचं मिठागर खाडीच्या अंगाला होतं. आजा, म्हणजे बाबांचे वडील गोमा, आयुष्यभर त्या मिठागरात उन्हात उभे राहिले आणि माझ्या लहानपणीच गेले. त्यांच्यामागे मिठागर बाबांनी सांभाळलं. आजी मात्र चांगली ठणठणीत होती. तिला सगळं गाव बय म्हणायचं.

त्या रंगाची गंमत अशी की कोरडा असताना तो रंग वाटायचाच नाही. तपकिरी, काळपट, चुलीच्या राखेपेक्षा थोडी जड अशी पूड. लाल कुठली आणि हिरवी कुठली हे बघून सांगता येत नसे. पाण्याचा थेंब पडला की मात्र ती एकदम पेटल्यासारखी पसरायची. हिराच्या पँटी खाली दुमडून शिवलेल्या होत्या. त्या पट्ट्या उलट्या करून मी वर्तमानपत्रावर झटकायची आणि जे पडेल ते तोंडाला लावायच्या स्नोच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवायची. दुकानातल्या रंगपेटीला पैसे नव्हते असं नाही, पण त्या वड्यांचे रंग मला आजारी माणसासारखे वाटायचे. ही पूड मी आईच्या जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांवर, मिठाच्या गोणपाटावर, डिंकात, भाताच्या पेजेत, चुलीच्या राखेत, कशातही टाकून बघायची. त्यात जाळ्याचं सूत चिकटव, शिंपल्यांचा चुरा चिकटव, असले उद्योग. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी एकदा त्यातला एक तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मंदा, ह्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही, पण ते जिथे शिकवतात अशी एक शाळा मुंबईत आहे." ते वाक्य माझ्या डोक्यात जे शिरलं ते शिरलंच.

मिठाचा शोध मात्र कैरीमुळे लागला. ओट्यावर लुगड्याचा ओला तुकडा पसरून त्यावर निळी पूड भुरभुरवली होती आणि शेजारी बसून मी कैरी खात होते. खड्या मिठाचे चार दाणे सांडले. सकाळी बघते तर जिथे जिथे दाणा पडला होता तिथे रंग ओढला जाऊन पांढरं फूल उमटलेलं, कडेला बारीक पाकळ्या. पुढचे कित्येक दिवस घरात मीठ टिकेना. आई म्हणायची, "मीठवाल्याच्या घरात मीठ सरलं, कुनाला सांगू पन नये!" आज माझ्याकडे शिकायला येणारी मुलं हेच मीठ पाकिटातून विकत आणतात, हातमोजे घालतात, तोंडाला मास्क लावतात. मीच लावायला लावते, त्याशिवाय पुडीची बाटली उघडू देत नाही. त्या काळी मी ती पूड हुंगून कुठला रंग ते ओळखायचा प्रयत्न करायची. जगले वाचले हे नशीब.

दहावीचा निकाल लागला आणि घरात स्थळांची कुजबुज सुरू झाली. दिवाळीनंतर बाळकुमचं पहिलं स्थळ आलं. मुलगा आईवडिलांबरोबर आला होता. नवा शर्ट, कोरीव मिशी, आणि दर दोन वाक्यांनी "आमच्याकडे असं चालत नाही." पोरींनी जास्त शिकलेलं त्यांच्याकडे चालत नव्हतं. पोरींनी दारात उभं राहिलेलं चालत नव्हतं. माझ्या बोटांना लागलेला पिवळा रंग पाहून त्याच्या आईने विचारलं, "हलद इतक्यातच लावली का हिला?" मी आत गेले. आईने पाहुण्यांसाठी पांढरा स्वच्छ नॅपकिन घडी करून ठेवला होता. मी त्याच्या घडीत मोरपंखी पुडीची इवलीशी चिमूट फुंकली. कोरड्या कापडावर काहीच दिसेना. कांदेपोह्यांवर माझ्या हाताने पडलेली मिरची जरा सढळ होती. मुलाने कपाळाचा घाम टिपला, मग मिशी टिपली, मग मान. घाम लागेल तिथे तिथे तो मोरपंखी होत गेला. त्याची आई किंचाळली, "आगो बाय, पोर निला पडला! ह्याना काय खायाला दिलाव?" हिरा दारात उभा होता. त्याने रंग ओळखला आणि तोंडावर हात दाबून मागच्या दाराने पळाला. मला त्या प्रकाराचं आजपर्यंत एकदाही वाईट वाटलेलं नाही.

बाबांनीही रंग ओळखला. पाहुणे गेल्यावर त्यांनी माझ्या सगळ्या बाटल्या एका टोपलीत घातल्या आणि टोपली उचलून खाडीकडे निघाले. मी मागे धावले, रडले, पाय धरले. आयुष्यात पहिल्यांदाच तोंडाने म्हणाले, "बाबा, मना त्या मुंबैच्या शाळेत जायाचा हाय." बाबा थांबले. ते रागीट नव्हते, पण घरातला कुठलाही मोठा निर्णय ते स्वतः घेत नसत. तो हक्क त्यांच्या थोरल्या भावाचा, जनूकाकाचा. "जनू हो बोलला तर जा," ते म्हणाले. "नाय बोलला तर वैशाखात दुसरा पावना येल, आनि त्या टायमाला नॅपकिन मी देईन." टोपली तेवढी परत आली.

जनूकाका म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. त्याच्या वाट्याची जमीन कारखान्यांत गेली होती आणि तो आता रस्त्याला लागून बंगला बांधत होता. बंगल्याला दोन जिने होते, त्यातला एक कुठेच जात नव्हता. बंगल्याच्या हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर बापाचं मोठं चित्र लावायचं असं त्याने ठरवलं होतं. अडचण एकच होती. गोमाआजाचा फोटोच नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोत ते मागच्या रांगेत होते. त्यात त्यांचा एक कान आणि अर्धं कपाळ दिसत होतं, बाकीचा चेहरा पुढच्या माणसाच्या फेट्याने झाकला होता. काकाने ठाण्याच्या एका पाट्या रंगवणाऱ्याकडून चित्र काढून घेतलं. तो सिनेमाचे बोर्डही रंगवायचा. चित्र आलं, काकाने बयला बोलावून दाखवलं. बयने जवळून पाहिलं, लांबून पाहिलं.

"यो कोन?" ती म्हणाली.

"आमचा बापूस, तुजा घो, बय!"

"यो? यो मंत्री हाय कोन तरी." आणि जाताना दारातून बजावून गेली, "आता मना परत फोटू दाकवाला बोलवू नको. मी येनार नाय."

काकाला ते फार लागलं. घरी येऊन बाबांपाशी बसला, चहा पीत राहिला. माझी नजर चहाच्या कपावर नव्हती, काकावर होती. मी म्हणाले, "काका, मी काढू?" काकाने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. बाळकुमची गोष्ट त्याच्या कानावर गेलेली असणारच. "काढ," तो म्हणाला, "पन वास्तुशांतीला चार मान्सा येतील, मान र्‍हायली पायजे. र्‍हायली तर तुज्या शालेचा मी बापाला सांगतो. गेली, तर तू त्या शालेचा नाव काढायचा नाय." मग त्याने मला चित्र तोंडी सांगितलं. फेटा पाहिजे, जरीचा. काळा कोट पाहिजे. गळ्यात सोन्याची साखळी, जाड. रंग उजळ. हसायचं नाही. आणि पानाने रंगलेले ओठ अजिबात नकोत, कारण आजाला पानाचा भारी नाद होता आणि काकाला ते गावंढळ वाटायचं. ज्या माणसाने जन्मभर कमरेला नुसता रुमाल गुंडाळून मीठ ओढलं त्याच्या अंगावर मी तो कोट चढवायला घेतला.

हिवाळाभर आमच्या पडवीत आजा तयार होत होते. गोणपाट ताणून, पेज लावून, वाळवून मी चित्राची जमीन तयार केली. चेहऱ्यासाठी माणसं धरून आणावी लागली. नाक बाबांचं, असं सगळे म्हणत. हनुवटी काकाची. कान फोटोतला. डोळे हिराचे, पण हिरा समोर बसला की हसायला लागायचा आणि ते डोळे मग बदकं मोजणाऱ्या सखूकाकूसारखे यायचे. पुडीचे थर डिंकात मिसळून मी एकावर एक चढवत गेले. मिशीला, फेट्याखालच्या केसांना आणि मागच्या मिठाच्या राशींना खरं मीठ लावलं, आजाच्याच मिठागरातलं, खडे निवडून. उन्हात ते असं चमकायचं की पडवीतून जाणारा माणूस थांबायचाच. फक्त बय तोंड फिरवून जायची, फोटू बघणार नाही म्हणजे नाही. काकाने सांगितलं तसं सगळं केलं. फक्त एक खोडी केली. ओठांच्या कोपऱ्यात, सुकत आलेल्या डिंकाच्या पातळ थरात, मी लाल पुडीची चिमूट कोरडीच दाबून ठेवली. कोरडी असल्याने ती सावलीसारखी करडी दिसत होती. काकाला दिसणार नव्हतं, पण आजाच्या तोंडात पान होतं, हे मला माहीत होतं आणि मला तेवढं पुरेसं होतं. खरं तर काळपट कोटही मी तसाच केला होता, आधी रंगवलेल्या उघड्या अंगावर, बहुतेक कोरड्या पुडीचा, सुकत आलेल्या डिंकावर दाबून. थंडीच्या कोरड्या हवेत ते सगळं दगडासारखं बसलं. काका येऊन बघून गेला. एकदा खाकरला आणि म्हणाला, "फेटा बरा हाय."

वास्तुशांती वैशाखात आली. ज्याने खाडीकाठचा वैशाख काढलाय त्याला मी काय सांगणार. अंगावरचा कपडा धुऊन न पिळता घातल्यासारखा वाटतो. काकाने मुहूर्तासाठी घाई केली होती, त्यामुळे हॉलचं प्लास्टर पुरतं वाळलेलंही नव्हतं, भिंतीला हात लावला तर गार लागायची. त्या भिंतीवर आजा टांगले गेले. समोर होम पेटला. मागच्या अंगणात भाताची मोठी पातेली, वालाचं बिरडं, वड्यांचा घाणा, त्याची सगळी वाफ खिडक्यांतून आत. आणि हॉलमध्ये सगळं गाव, शिवाय बाळकुमपासूनचे सोयरे, मोरपंखी झालेल्या मुलाचे आईवडीलसुद्धा. डोक्यावर नवा पंखा होता, पात्यांना अजून प्लास्टिक गुंडाळलेलं, पण होमाची राख उडेल म्हणून भटजींनी तो लावू दिला नव्हता. माणसं नुसती निथळत होती.

मी पाणी फिरवत होते. पहिल्यांदा मला दिसलं ते आजाच्या कपाळावर. मिशीजवळचे आणि फेट्याखालचे मिठाचे खडे ओले दिसत होते. मीठ हवेतलं पाणी ओढतं हे मीठवाल्याच्या पोरीला कुणी सांगायला नको, पावसाळ्यात आमच्या बरणीखाली ताटली ठेवावी लागायची. पण मी हिवाळ्यात काम केलं होतं आणि माझ्या डोक्यात ते आलंच नाही. एक थेंब कपाळावरून निघाला, नाकाच्या शेंड्यापर्यंत आला आणि तिथे लोंबकळत राहिला. मग दुसरा. मग मिशी सुटली. ओठांच्या कोपऱ्यातून लाल रंग फुटला आणि हनुवटीवर ओघळला, नुकताच विडा चघळल्यासारखा. कोट खांद्यापाशी विरघळून निळा, जांभळा होऊन खाली चालला आणि त्याच्या आड मी आधी चढवलेला उघडा, उन्हाने रापलेला खांदा दिसायला लागला. जरीचा फेटा एका बाजूला कलला.

कुणीतरी फिसकन हसलं. मग बाळकुमच्या बाईंचा आवाज आला, तो मी कुठेही ओळखला असता. "आगो बाय, हा पन रंगला!" आणि हॉल हशाने फुटला. भटजींनी मंत्र थांबवून वर पाहिलं. काका होमाशी जोडीने बसला होता. त्याने मान वळवली आणि त्याचा चेहरा असा झाला की माझ्या हातातला तांब्या कलंडला. गावासमोर, सोयऱ्यांसमोर त्याचा बाप पानाची पिंक गाळत, कोट टाकून उभा होता. माझी मुंबईची शाळा त्या भिंतीवरून थेंबाथेंबाने खाली उतरत होती आणि मी नुसती बघत होते. "उतरवा त्याला!" काका ओरडला. "आताच्या आता उतरवा! परड्यात नेऊन टाका! कुटं हाय ती पोरगी?" दोघं जण स्टूल घेऊन पुढे झाले.

बय बाहेर ओटीवर बायकांत बसली होती. शब्दाप्रमाणे ती चित्र बघायला आलीच नव्हती, भिंतीकडे पाठ करून आत आली होती आणि तशीच बाहेर गेली होती. आतला गलका ऐकून ती उठली, माणसं बाजूला सारत आली. स्टुलावर चढलेल्या माणसाला तिने खाली उतर म्हणून हाताने खुणावलं. तो उतरला. बय वर बघत राहिली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त तिचा अंबाडा आणि पदर हातात घट्ट धरलेला. हसणारे एकेक करून गप्प झाले. चित्राच्या नाकावरचा थेंब सुटला आणि खाली फरशीवर पडला.

बय काकाकडे वळली. "जना," ती म्हणाली, "बापूस घामाघूम झालाय. दिसत नाय तुना? पंखा लाव."

"बय, होम..."

"पंखा लाव बोलली ना मी."

जनूकाका, दोन जिन्यांच्या बंगल्याचा मालक, होमावरून उठला आणि शाळकरी पोरासारखा बटणापाशी गेला. पंखा फिरला. पात्यांचं प्लास्टिक फडफडत सुटलं, राख उडाली, भटजींनी उपरण्याने तोंड झाकलं. बयने पदराने चित्रातल्या आजाचं कपाळ हळूच टिपलं, नाक टिपलं, मग ओठ. पदराला लाल डाग पडला. तो बघून ती हसली. मी तिला इतकं मोकळं हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "कवा पान खाऊन आलाय बघ," ती म्हणाली, आणि तेव्हा मला कळलं की ती रडतेय. मग काकाही तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि वर बघत राहिला. त्याचा राग कुठे गेला ते त्यालाही कळलं नसावं. बाबा मागे भिंतीला टेकून उभे होते. काका त्यांच्याकडे न वळताच म्हणाला, "काशा, पोरीचा नाव घाल त्या शालेत."

बयने मला हाताला धरून पुढे ओढलं. माझे हात बोटांपासून कोपरापर्यंत रंगलेले, ते तिने बघितले आणि डोळे पुसत म्हणाली, "शिकून ये गो पोरी. आनि आली का पयला त्याचा यो उरलेला कोट उतरव. केवढा उकडतंय त्याला."